आधी कुठलं बोट?

नाही, पण मला सांगा, विचारणं हा काय गुन्हा आहे? मी फक्त विचारलं हो!

तुम्हाला सांगते, आमचे मानसशास्त्राचे सर म्हणाले, सरावाच्या हालचाली मेंदूत ओळीने कशा बसतात ते कुणाचे तरी हात बघून क्रमवार लिहून आणा. आता हात म्हटले की भिवंडीत, टेमघरात, आमच्या शेजारच्या रंगूबाई! बारा वर्षं लूमच्या कारखान्यात धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरतायत. तुटलेल्या धाग्याला गाठ अशी मारतात की... मारली? कधी? पापणी लवली तेवढ्यात संपलं! म्हणून वही घेऊन गेले कारखान्यात. आत तो खडखडाट, मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा आपटला की मी उडतेय... तशीच त्यांच्या कानाशी ओरडले, "रंगूमावशी, आधी कुठलं बोट?"

"कुठलं म्हंजे? हे... न्हाय गो, हे... थांब, आंगठा..."

आणि थांबल्याच! बोटांत बोटं अडकली, धागा सुटला, पुन्हा धरला, पुन्हा सुटला! बारा वर्षांचा हात माझ्या एका प्रश्नाने गेला? मी फक्त विचारलं हो!

तिकडे विणकर चाचा ओरडतायत, "अरे बाई, कांडी लाओ!" कांडी कुठली? एक लूम थांबला, दुसरा थांबला... जॉबर, म्हणजे तिथला मुकादम, आला डोळे वटारून, "हाथ नहीं चलता तो कल से मत आना!" रंगूबाईंच्या डोळ्यांत पाणी. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या! उद्या ह्यांना खरंच काढलं तर त्यांच्या पोरांना काय सांगू, मी फक्त विचारलं?

तेवढ्यात शेवटचा लूम थांबला. आणि शांतता! भिवंडीत शांतता ऐकलीय कधी? इतकी दचकले की किंचाळलेच, "आई गं!"

झालं! रंगूबाई उसळल्या. "बोंबलतेस कशाला गो, भवाने? माझं हात बांधून ठेवलंस नि वर तूच रडतेस? हेच शिकवतान काय गो कालेजात?"

तोंड माझ्यावर सुटलेलं, आणि खाली बोटं? गाठ! दुसरी गाठ! कांडी भरून टोपलीत! अहो, शिव्या खात हसत होते मी, जीव भांड्यात पडला! लूम सुरू झाले, जॉबर निमूट परतला. तो खडखडाट इतका गोड कधी लागला नव्हता...

बोट कुठलं ते राहिलंच. राहू दे! हलकी हलकी होऊन निघाले, कारखान्याच्या दारात तीन पायऱ्या, आणि मेलं मनात आलं, आधी डावा पाय की उजवा?...

बसलेय इथेच. कुणीतरी ओरडा हो माझ्यावर!