नाव तरी नीट घ्या!

ऐका गं, माझं डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या मरोळच्या कंपनीतून सगळ्या स्टाफची माहिती चोरीला गेली. आधार, पॅन, बँकेचा खाते नंबर, सगळं! आणि कंपनी चिडीचूप. मला कळलं कसं? एकाचा फोन आला, "सुगंधा मॅडम, बँकेतून बोलतोय." त्याने माझ्या आईचं नाव, माझा पीएफ नंबर धडाधड सांगितला. मग ओटीपी मागितला, तेव्हा माझी ट्यूब पेटली आणि मी फोन कापला. ऑफिसात विचारलं, तर बाकीच्यांनाही असेच फोन आलेले!

माझी मावसबहीण वकील आहे. ती म्हणाली, "सायबर पोलिसांत तक्रार कर. कंपनीलाही लेखी जाब विचार आणि त्याची पोच घे. उद्या नुकसान झालं, तर भरपाई मागता येईल."

मी तक्रार लिहून एचआरच्या साहेबांसमोर ठेवली आणि पोलिसांतही जातेय म्हणून सांगितलं. त्यांनी ती न वाचताच बाजूला सरकवली आणि गोड हसले. "पोलीस कशाला मध्ये? आपली कंपनी म्हणजे एक फॅमिली आहे ना! घरातली गोष्ट घरातच मिटवू या, सुनंदा."

सुनंदा! जॉइन झाल्यापासून हा माणूस मला सुनंदा म्हणतोय आणि मी दर वेळी सुधारतेय. त्या दिवशी मात्र माझी सटकली.

म्हटलं, "साहेब, आधी पोच द्या. आणि माझं नाव सुगंधा. माझी फाइल त्या चोराने वाचली, तुम्ही अजून उघडलीसुद्धा नाही!"