हाडात बसवलेले दात

दातांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं. आजींचा आवाज हळू होता, पण धारदार.

"खरं सांगा, या वयात हे स्क्रूचे दात कशासाठी?"

"जेवायला."

"कवळी लावून व्यवस्थित जेवता की."

"कवळी हलते."

"इतकी वर्षं हलली, तेव्हा चकार शब्द काढला नाहीत. आणि माळ्यावरचं क्लॅरिनेट कुणी पुसून ठेवलंय?"

"मीच. फुंकताना कवळी सुटते गं. हाडात बसवलेला दात जागचा हलत नाही, म्हणतात डॉक्टर."

"वाजवायचा कंटाळा आला, असं म्हणाला होतात."

"तुला वाईट वाटलं असतं."

नर्सनं आजोबांना आत बोलावलं.

"थांबा, मीही येते. परत कधी वाजवता येईल, ते मीच विचारते. तुम्ही मला खरं सांगायचे नाहीत."