मास्तरांच्या लेकीची कॉफी

— खाली ठेवलास? एक घोटसुद्धा न घेता? भाजलं म्हणावं तर फिंजान केवढासा, तळाला चमचाभर कॉफी — त्यात भाजण्यासारखं आहे काय? नाही, नाही, कळलं मला. म्हातारी झालेय, खुळी नाही झाले. मागणं घेऊन आलेला पाहुणा फिंजान खाली ठेवतो, आणि घरचा माणूस 'पी, तुझं काम झालं' म्हणेपर्यंत ओठाला लावत नाही. पण ते मिशीवाल्यांचं काम, सित्त इब्तिसाम! मुलगी मागायला, नाहीतर खून मिटवायला दहा-दहा जण अबा पांघरून येतात, ते करतात असं. मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई, भल्या सकाळी, गाडीची किल्ली बोटात फिरवत एकट्याच येऊन हे करतात — हे आमच्या गावात मी तरी पहिल्यांदाच बघतेय. बस, बस. नीट मांडी घालून बस. बाईंना म्हणतात तसं 'सित्त' म्हणते, आता 'तुम्ही'ही म्हणायला हवं का तुला? पण जीभ वळत नाही गं. तुझी आई बाळंतीण होती तेव्हा तुझी फडकी मी धुतलीत. आणि जिची फडकी धुतली तिला 'तुम्ही' म्हणायचं म्हणजे — राहू दे.

माझ्या नातीसाठी, शुरूकसाठी आलीस. माहीत आहे. शुरूक, अगं, खजूर आण बाईंना! — बघ, हूं की चूं नाही. स्वयंपाकघरात पीठ मळतेय, पडद्याला कान लावून. अकरा दिवस झाले पोर घरी बसून, आणि तुला आज आठवण झाली? काय म्हणतेस, परीक्षेला चार महिने उरलेत? मोजता येतात मला. अकरा म्हणजे दोन्ही हातांची बोटं आणि वर एक नाक. अकरा दिवस तू वाट बघितलीस — आज येईल, उद्या येईल, गरिबाचं पोर, जाईल कुठं! मग काल वरच्या कचेरीतून कुणीतरी विचारलं असेल, की तुमची ती पहिली येणारी पोरगी कुठंय? पेपरात नाव यायचंय ना — तिचं नाव, आणि त्याखाली तुझ्या शाळेचं. मग फिंजान आठवला होय?

हा बघ, उशीखाली. कागद. तुझ्याच शाळेतून आणलाय, शाळा सोडल्याचा. तिचा बाप गेल्यापासून पालक म्हणून माझाच अंगठा चालतो — एवढासा अंगठा, पण तुझ्या सगळ्या शिक्क्यांना भारी. आणि ही शाई. अंगठा टेकला की संपलं, रविवारी कामाचा आठवडा उघडला की पोर शिवणाच्या कारखान्यात, फाट्यावर बस येते त्यांची. मग अजून टेकवला का नाही? हे — शाई वाळली होती. हो, अकरा दिवस वाळलेलीच होती. तुला काय करायचंय?

त्या दिवशी उशीर झाला होता तिला, मान्य. का झाला ते विचारलंस? शेळी अडली होती, करडू आडवं आलेलं. माझ्या हाताची बोटं ही अशी, वाकडी, आत जात नाहीत. तिनं बाही वर सारली, हात घातला, करडू फिरवलं, बाहेर ओढलं. जगलं ते, ओरडतंय बघ अंगणात. तशीच धावत शाळेत गेली, बाहीवर रक्त. आणि तू चारशे मुलींची रांग उभी असताना तिला पुढं बोलावलंस, आणि भोंगा हातात घेऊन काय म्हणालीस? — सांग ना. लाजतेस कशाला? मी सांगते. 'शाळा म्हणजे गोठा नाही. तुला शेळ्याच बऱ्या.' भोंगा गं तो! इथवर ऐकू आलं मला. मी करडू पुसत होते. हातातून फडकं पडलं माझ्या.

फडकं का पडलं, तुला नाही कळायचं. ते शब्द मी आधी ऐकले होते, म्हणून पडलं. साठ वर्षांपूर्वी, याच भिंतींच्या आत, तुझ्या बापाच्या तोंडून.

माहीत नाही म्हणतेस? तौफिक मास्तरांनी लेकीला सांगितलं नाही? कसं सांगतील! मुलींची पहिली शाळा निघाली तेव्हा मी नऊ वर्षांची. दोन खोल्या, वीस मुली, बाकं मोजून दहा. एक्केचाळीस दिवस गेले मी. एकही दिवस चुकवला नाही, तापातसुद्धा गेले. तुझा बाप रोज एक अक्षर फळ्यावर काढायचा, कधी दोन दिवस एकच घोटायचा. माझं नाव वतफा — त्याचं पहिलं अक्षर आमच्या अरबी मुळाक्षरांत येतं शेवटून दुसरं. मी वाट बघायची, आज येईल, उद्या येईल. नावातली बाकीची अक्षरं येऊन गेली, पहिलंच आलं नव्हतं. आणि मग ठाण्यावर नवा अधिकारी आला, त्याच्या दोन लेकी. बाकं भरलेली. कुणाला उठवायचं? शेखच्या पोरीला? दुकानदाराच्या?

तुझा बाप इथं आला. तू बसलीयेस ना, तिथंच बसला. माझ्या बापानं कॉफी दिली. त्यानं फिंजान असाच, हुबेहूब असाच, खाली ठेवला. माझा बाप मेंढपाळ माणूस. मास्तर आपल्या दारात येतो, फिंजान खाली ठेवतो, याचाच त्याला केवढा मान वाटला! काय मागणं आहे हेसुद्धा विचारलं नाही बिचाऱ्यानं. 'पी मास्तर, झालं तुझं काम' म्हणाला. मास्तर प्यायले. मग मागितलं — माझी जागा. दिलेला शब्द, फिरवणार कसा? आणि जाता जाता उंबऱ्यात माझ्या डोक्यावर हात ठेवून तुझा बाप माझ्या बापाला म्हणाला, 'औद, वाईट वाटून घेऊ नकोस. पोरीला शेळ्याच बऱ्या.' एक घोट, बाई. एका घोटात माझी शाळा गेली. फिंजान धुवायला मलाच दिला आईनं.

खाण तशी माती. रडतेस? रड, रड — माझा चष्मा कुठंय, मला नीट बघू दे. साठ वर्षं वाट बघितलीय मी त्या घरातलं कुणीतरी या गादीवर येऊन बसायची. तुझा बाप वारला तेव्हा सगळा गाव रडला, मी घरात बसून मसूर निवडत होते. म्हटलं, निसटला. आणि आता तू स्वतःहून आलीस, त्याच हातानं, तोच फिंजान घेऊन! आता मी 'पी' म्हणेन? कॉफी गारढोण होईल, माशा पडतील, तरी म्हणणार नाही. जाऊ दे पेपरात दुसऱ्या शाळेचं नाव.

पोरीचं नुकसान? पोरीचं मी बघेन. तिनंच तर त्या दिवशी दप्तर फेकलं, 'नको मला शाळा' म्हणाली. तिचं तिनं ठरवलं, मी फक्त बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी गणवेश घालून उभी होती तो — तो थंडी होती म्हणून. जाडा असतो तो कपडा. पाचव्या दिवशी पण? पाचव्या दिवसाचं तुला कुणी सांगितलं? मी? मी म्हटलं पाचव्या दिवशी? … बरं, उभी होती. रोज उभी असते. रोज पहाटे उठून वेणी घालते, गणवेश चढवते, आणि बूट शोधते. झालं समाधान? बूट मी लपवलेत. पिठाच्या पिपात, तळाशी, पिशवीत गुंडाळून. नववं वर्ष लागायच्या आधीच याच पोरीनं पिठात बोट फिरवून माझं अक्षर मला दाखवलं होतं गं — तिला स्वतःला नीट येत नव्हतं तेव्हा. 'आजी, हे तुझं. शेपटीवाला गोळा.' — अशी बघू नकोस माझ्याकडं! माझं पोर आहे, माझा सूड आहे, मी कुठंही लपवेन!

ऐक, एक वाट देते. तोच भोंगा घे, तीच रांग, आणि म्हण: औदची लेक वतफा या शाळेतून मठ्ठ म्हणून नाही गेली, माझ्या बापानं तिला उठवलं. एवढं म्हण. मग बघू कॉफीचं. बापाचं नाव जड झालं? माझं एक्केचाळीस दिवसांचं नाव हलकं होतं का?

शुरूक! तू तरी सांग बाईंना, तुला यायचंय का! शुरूक! — बहिरी झाली की काय कार्टी. थांब, उठते मी, गुडघे — हं. पीठ अर्धवट मळलेलं, वर ओलं फडकं. शुरूक? पिपाचं झाकण कोणी — पीठ सगळं जमिनीवर, अगं बाई.

बूट नाहीत.

इकडं ये, सित्त इब्तिसाम, बघ हे. पांढरी पावलं. पिपापासून मागच्या दारापर्यंत, अंगण, करडाच्या खुंट्यापाशी जरा थांबलेली, मग फाटकातून बाहेर. वर शाळेच्या वाटेला. फाट्याकडं नाही.

गेली. तुझ्या कॉफीसाठी नाही गेली, ध्यानात ठेव. मीही धाडली नाही. मी काही दिलं नाही तुला, तू काही नेलं नाहीस. कागद ठेव तिथंच, चूल पेटवायला होईल. तो फिंजान इकडं दे, धुते मी. धुवायची सवय आहे मला.

आणि ऐकलीस का? घंटा. रांग लागली तुझी. ती उभी असेल पुढच्या ओळीत, पिठाच्या बुटांनी. नीघ, बाई, धाव — आज उशीर तुला झालाय.