करकरणारी पायरी

जुन्या वाचनालयाची डागडुजी संपून ते आज पुन्हा उघडणार होतं. रांगेत सुतार हत्यारांची पिशवी घेऊन उभा होता. जिन्याची एक पायरी अजून करकरते, ती आज गप्प करा, असा साहेबांचा निरोप होता. त्याच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"सगळं नवं केलं असेल गं. आपला जिना कसला राहतोय."

"तुमचे गुडघे आहेत की वाजायला."

"चेष्टा नको. मी वर यायला लागलो की तुला काउंटरवर कळायचं."

"अख्ख्या वाचनालयाला कळायचं. रोज एक पुस्तक न्यायचं आणि न वाचता परत आणायचं."

"वाचायला कोण येत होतं?"

"आणि मी वेडी. ती पायरी वाजली की केस सारखे करायचे."

"हे इतक्या वर्षांत बोलली नाहीस."

"बोलले असते तर शेफारला असतात."

"आज तू आधी वर जा. मी मागून येतो. वाजली तर..."

"वाजली तर करीन सारखे. उरलेत तेवढे."

दार उघडलं. आजी पुढे चढल्या. त्यांच्या हलक्या पावलांखाली जिना गप्पच राहिला. आजोबांचा चेहरा उतरला. तरी कठडा धरून ते निघाले आणि अर्ध्यावर ती पायरी अगदी मनापासून करकरली.

आजींचा हात केसांकडे गेला.

साहेब लगबगीनं आले. "अहो, ती पायरी राहिलीच का?"

"नाही साहेब," पिशवीचा बंद आवळत सुतार म्हणाला, "तिचं काम झालंय."