ती गणितं मी सोडवली नव्हती

लिवून घेताय तर लिवा, माजा जलम आगरातला. आगर म्हंजे मिठागर. खाडीचं पानी बांध घालून कोंडायचं, उन्हानं आटवायचं, मीठ ओढून रास घालायची, हे माज्या बापसाचं काम, त्याच्या बापसाचं पन. जिल्ह्याला तवा कुलाबा म्हनायचे, राज गोऱ्यांचं, आन आमच्या गावातनं हायस्कुलात गेलेली पोरं दोनच, एक मी आन दुसरा दामा. तरीनं, म्हंजे होडीनं, खाडी उतरायची, मंग तीन मैल चालायचं. चिखलाचे पाय घेऊन वर्गात शिरलं की बाकीची पोरं नाक धरायची. धरा म्हनलं, मी पुढल्याच बाकावर बसायचो. माजा हट्ट पयल्यापासनंचा, आयस म्हनायची हा पोटात पन आडवाच व्हता.

तर मी हायस्कुलाच्या पयल्या वर्साला गेलो, म्हंजे इंग्रजी चौथी, तुमची आताची आठवी, आन तिथं ते बीजगनित आलं. अंकगनितात मी वाघ व्हतो, तोंडी सांगायचो. पन हितं मास्तर म्हनले, एक्स मान. मी इचारलं, मास्तर, एक्स म्हंजे किती? मास्तर म्हनले, तेच तर काढायचं आहे गाढवा. मी म्हनलं, जे मना म्हाईतच न्हाय ते वहीत लिवू कसं, ते खोटं न्हाय का झालं? समदा वर्ग हसला. मास्तरांनी छडी दिली. मी हात मागं घेतला न्हाय, पन एक्स पन लिवला न्हाय. अंदाजानं आकडे घालायचो, दहा घाल, पंधरा घाल, जमलं तर जमलं. मास्तर म्हनले, अंदाज म्हणजे गणित नव्हे, असाच राहिलास तर इंग्रजी पाचवीत जाणार नाहीस.

आता हिचं सांगतो. ही म्हंजे आमच्या घरातली. आमचं लगीन तवाच झालेलं, मी पंधराचा, ती तेरा-चौदाची, तवा तसंच करायचे. तिला अक्षर म्हाईत न्हाय, दिवसभर बायांबरोबर डोक्यावर मिठाच्या पाट्या व्हायची. पन पाट्या मोजायचं काम बाया तिलाच सांगायच्या, कारन ती बोलता बोलता मोजायची आन चुकायची न्हाय. हे मना म्हाईत व्हतं. म्हाईत व्हतं म्हनून सांगतो, पुढं कामाचं हाय.

एका आयतवारी दुपारची ती भाकर घेऊन बांधावर आली, आन मी वही घेऊन बसलेलो, तोंड हे असं. म्हनली, काय झालं? मी म्हनलं, तुला काय सांगून उपेग. म्हनली, सांगा तं खरं, भाकर खाऊस्तवर. म्हनून सांगितलं. एका बापसाचं वय पोराच्या तिप्पट, बारा वर्सांनी दुप्पट व्हनार, तर पोर किती वर्साचा? आन मास्तर म्हनतात पोराचं वय म्हाईत न्हाय तरी त्याला एक्स म्हन.

ती हसाया लागली. म्हनली, अवो, यात काय अवघड? मी तुमचं नाव घेते का? न्हाय ना? तरी तुमच्याबद्दल समद्या गावाशी बोलते. ते आले, ते गेले, ते रागावलेत, ते जेवले न्हाईत. कोनाला कळत न्हाय व्हय कोन ते? तसंच हे. नाव घेयाचं न्हाय, नुसतं ते म्हनायचं. पोर म्हंजे ते. बापूस म्हंजे तीन ते. बारा वर्सांनी पोर म्हंजे ते आन बारा, बापूस म्हंजे तीन ते आन बारा. हा बापूस पोराच्या दुप्पट, म्हंजे दोन ते आन चोवीस. आता दोन ते हिकडनं उठवा, दोन ते तिकडनं उठवा. हिकडं काय ऱ्हायलं? एक ते आन बारा. तिकडं नुसते चोवीस. मंग ते बारा! शेवटाला नाव घेयाचं, लग्नात घेतलं तसं.

काय सांगू तुमाला, माज्या हातात भाकर तशीच ऱ्हायली. छडीनं जे शिरलं न्हाय ते हिच्या हसन्यानं शिरलं. आन मी काय म्हनलो? शाब्बास म्हनलो का? मी म्हनलो, कालवन खारट झालंय.

मंग दर आयतवारी मी गनितं घेऊन बांधावर. अवघड आलं की तिला सांगायचो, ती ते-ते करत सोडवायची, सोमवारी मी एक्स-एक्स करून फळ्यावर मांडायचो. एक दिवस मास्तरांनी इचारलं, अरे, तुला हे कोणी शिकवलं? मी म्हनलो, माजं मीच. इतक्या झटक्यात म्हनलो की मनाच नवल वाटलं. मास्तरांनी बाजारात गाठून माज्या बापसाला सांगितलं, मुलगा हुशार आहे. बापूस घरी येऊन सांगतोय, आयस ऐकतेय, आन ही चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसतेय. माज्यापरीस तिलाच आनंद.

पन आनंद पोटात ऱ्हात न्हाय. पाट्या व्हाताना एका बाईपाशी बोलली असंल, ती बाई दाम्याची चुलती. दाम्यानं वर्गात सांगितलं, मास्तर, ह्याची बायको ह्याला गनित शिकवते! वर्गानं बाकं बडवली. मास्तर पन हसत म्हनले, खरं का रे? मी उभा ऱ्हायलो आन म्हनलो, न्हाय मास्तर, तिला दहाच्या पुढं मोजता येत न्हाय.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. न्हाय थांबलो. घरी न जाता तरीवरनं सरळ आगरात गेलो, दामा मागोमाग. बाया राशीपाशी उभ्या, ही मधी. मी समद्यांसमोर म्हनलं, ये, मोज ह्या पाट्या. दहाच्या पुढं मोज. बघू दे समद्यांना तुजं गनित. तिनं माज्याकडं बघितलं. माज्या पाठीमागं दामा उभा व्हता, त्याच्याकडं बघितलं. तिला समजलं, मी काय सांगून आलोय ते. आन ती हळूच म्हनली, मना न्हाय येत.

ज्या बायांच्या पाट्या ती रोज मोजायची त्याच बाया समोर उभ्या. एक पन हसली न्हाय. हसलो मी एकटा.

त्याच्यानंतर आयतवारी ती भाकर ठेवायची आन जायची. मी वही उघडून बसायचो, मुद्दाम मोठ्यानं वाचायचो, अमक्याचं वय तमक्याच्या चौपट, की ती थांबंल. ती थांबायची न्हाय. नुसतं म्हनायचं व्हतं, बस जरा. दोन शब्द. परीक्षेच्या आधीचे सात दिवस ती माज्या पुढ्यात वावरत व्हती, आन मी वहीत तोंड घालून बसलेलो. बीजगनितात नापास झालो. बापूस म्हनला, बाळा, एक वरीस परत बस, मी आगरात एकटा भागवीन. मीच न्हाय म्हनलो. परत ते आयतवार, परत ती वही, मना व्हनार न्हवतं.

आन गावाला काय सांगितलं? बापसाला आगरात मानूस पायजे व्हता, त्यानं साळंतनं काढलं. बापूस माज्यासमोर हे ऐकायचा, मान खाली घालायचा, पन मना खोटा पाडला न्हाय. तसाच गेला. पोरांना, नातवंडांना हेच सांगत आलो, आज्यानं काढलं नायतर मी मॅट्रिक झालो असतो.

पन्नास-साठ वर्सं आमचा संसार झाला. चार पोरं झाली, आगर गेलं, हाडं झिजली. ती मना कधी टोचून बोलली न्हाय. बोलली असती तर मी भांडलो असतो, भांडून मोकळा झालो असतो. पोरं अभ्यासाला बसली की ती उठून भायेर जायची. पोरांना वाटायचं आयसला आवड न्हाय.

आता ती लेकीकडं गेलीय चार दिवस, म्हनून हे तुमाला सांगितलं. तिच्या तोंडावर मना आज पन बोलवत न्हाय. व्हय, हट्टीच हाय मी, लिवा तसं. पन हे पन लिवा की गनितं तिची व्हती, आन बापसानं मना काढलं न्हवतं. परत याल तवा ती घरी असंल. तवा हे समदं वाचून दाखवा, मोठ्यानं वाचा, तिला कमी ऐकू येतं. पोरांना, सुनांना पन बसवा. मी तवा भायेर ओट्यावर बसेन, दार उघडं ठेवा. देव तुमचं भलं करो.