अँटेनाचा मान

निरंजन : केबल कुणी कापली, अर्जुनराव?

अर्जुनराव : मी कापली. इळ्यानं. आन पोरं गेलीत गच्चीवर, तुजा खांब उतरवायला. तू भाड्यानं ऱ्हातोस त्यो फ्लॅट माजा, सोसायटीचा चेअरमन मी, बिल्डिंगखालची जमीन माज्या आज्याची. कुनाला इचारू?

निरंजन : मला. अँटेना माझी आहे. हौशी रेडिओचा, लांबच्या माणसांशी बिनतारी बोलायचा परवाना आहे, दिल्लीचा. परीक्षा देऊन मिळवलाय. तुम्हाला दाखवला होता.

अर्जुनराव : दावला व्हतास. इंग्रजीत व्हता.

निरंजन : म्हणून विळा?

अर्जुनराव : रेडिएशन हाय म्हनून. तिसऱ्या मजल्यावरच्या साधनाताईंचं केस गळत्यात.

निरंजन : ते तुमच्या बोअरच्या पाण्यानं गळायलेत. माझेही गळायलेत.

अर्जुनराव : आन शेखरची सोयरीक? पावनी गच्चीवर फोटू काढाया गेली, तुजा खांब बगितला आन म्हनली, टॉवरखाली पोरगी देनार न्हाई. माज्या एकुलत्या एका पोराची सोयरीक मोडलीस तू.

निरंजन : त्याआधी मुलगी शेखरशी बोलून आली होती. मी जिन्यातच होतो, तिचं तोंड बघितलंय. टॉवरचं त्यांना नंतर सुचलं.

अर्जुनराव : तोंड सांभाळून बोल हां. लातुराकडनं येता, चाकणला शिफ्ट करता आन आमच्या चऱ्होलीत टॉवर उभं करता.

निरंजन : टॉवर कसला म्हणायलाव? लाइट फिटिंगचा पांढरा पाइप आहे तो. आत जळलेल्या मोटारीची तांब्याची तार. बुडाला रंगाच्या डब्यात सिमेंट, तिन्ही बाजूंनी नायलॉनची दोरी. सगळं कुदळवाडीच्या भंगारातलं. सगळे रविवार घालून बनवलंय.

अर्जुनराव : भंगारच म्हनतोय मी बी. एवढं बोलायचं अंगात आलंय तर मोबाइल हाय की.

निरंजन : मोबाइलला रिचार्ज लागतो आणि कंपनीचा टॉवर लागतो. याला आभाळ पुरतं.

अर्जुनराव : आभाळ बी माज्याच गच्चीवरचं हाय. आता आनखी येक शबूद काढलास ना, तर खांबामागं तू बी भाईर.

(अर्जुनरावांची आई छबूबाई कठडा धरून गच्चीवरून खाली येतात.)

छबूबाई : पोरं लावली घरला. पाना ठिवून घेतलाय मी.

अर्जुनराव : आये, गुडगं दुखत्यात आन तू वर काय करत व्हतीस?

छबूबाई : झेंड्याला हात घालत व्हती मुडदी.

अर्जुनराव : कंचा झेंडा?

छबूबाई : भैरोबाचा. दर चैताला आपुन लावतो त्यो. औंदा आपल्या कळकाच्या काठीला भुंगा लागलाय, सांगून सांगून दमले, पर तुला मीटिंगा. मग ही दिसली. सरळ, पांडरी, उंच. पुजाऱ्याला बोलावला, नारळ फोडला, सकाळीच बांदला.

निरंजन : माझ्या अँटेनाला?

छबूबाई : तू कामावर गेलतास लेकरा. कुनाला इचारू?

अर्जुनराव : आये, ती काठी न्हाई. ती काढायची हाय.

छबूबाई : येकदा चढलेला झेंडा फुडल्या चैतापत्तुर उतरत न्हाई. तुज्या बापानं सगळं घर पाडलं, पर झेंड्याचा कोपरा वरीसभर तसाच उभा ठिवला. ईसरलास?

अर्जुनराव : अगं, पर ह्येच्या पायी सोसायटीत माजी—

छबूबाई : आन वर जाऊन बग जरा. रंगरावाची काठी हातभर खाली ऱ्हायलीय.

अर्जुनराव : कुनाची?

छबूबाई : तुज्या चुलतभावाची. त्याची बायकू सकाळपास्नं त्यांच्या गच्चीवर येरझाऱ्या घालतीय.

अर्जुनराव : हातभर?

छबूबाई : चांगला हातभर.

अर्जुनराव : हं. मग असं करू. खांब ऱ्हाईल. निरंजन, तू जा.

निरंजन : जातो की. पाइप पुन्हा मिळेल भंगारात. जाताना फक्त एक सांगतो. तो पाइप माझी तार धरायला केलाय, झेंडा धरायला नाही. वाऱ्यानं कापड फुगलं की वाकणार. दोऱ्या रोज बघाव्या लागतील.

अर्जुनराव : पोरं वडतील दोऱ्या. त्यात काय शिकायचंय?

निरंजन : जास्त ओढल्या तर पाइप मोडेल. झेंडा जमिनीवर.

छबूबाई : शिव शिव!

निरंजन : कमी ओढल्या तर नुसता वाकेल. वारा पश्चिमेचा, म्हणजे वाकणार पूर्वेला. रंगरावांचं घर पूर्वेलाच ना?

अर्जुनराव : मग?

निरंजन : मग काही नाही. तुमचा झेंडा उभा पावसाळा त्यांना मुजरा करेल.

छबूबाई : अर्जुना, ह्यो गेल्यावर दोऱ्या कोन बगनार?

अर्जुनराव : ऱ्हा. फुडल्या चैतापत्तुर. दोऱ्या तू बगायच्या.

निरंजन : आणि केबल?

अर्जुनराव : नवी आनून देतो. पर माज्याशी येक शबूद बोलायचा न्हाई. जिन्यात गाठ पडली तरी न्हाई.

निरंजन : चालेल. बोलायला माणसं आहेत मला. लांबची आहेत, एवढंच.