तांबूचा पाडवा

दिवाळीचा पाडवा. पहाटे दव, नंतर लख्ख ऊन. गोव्यातल्या आमच्या आमोणे गावच्या गोठ्यातली गाय तांबू तेव्हा संशोधनात होती. गाईच्या ढेकरांतून हवा तापवणारा वायू निघतो. तो नव्या खाद्याने कमी होतो का, हे संशोधक मेघना तपासत होती. दुसरे काही तोंडात गेले तर त्या दिवसाचे मोजमाप फुकट, अशी तिची ताकीद.

"गो बाय, पाडव्याला सगळ्या गोरवांना गोड पोळी, आणि माझी तांबू तेवढी उपाशी?" माझी वहिनी कुरकुरली. तरी दिवसभर गोठ्याच्या दारात तीच बसली आणि पोळ्या घेऊन आलेल्या शेजारणींना तिनेच परत पाठवले.

संध्याकाळी मेघना नवी साडी नेसून, केसांत आबोलीची फाती, म्हणजे गजरा, माळून वायू मोजायला आली. नळी लावायला वाकली, तशी तांबूने फातीच ओढली.

"अगे, सोड!" मेघना ओरडली. तोवर अर्धी फाती पोटात गेली होती.

वहिनीने पदराखालून पोळी काढली. "उपास तूच सोडवलास. आता मी देऊ?"

मेघना हसत हसत खालीच बसली. "द्या, काकी."

त्या दिवसाचे मोजमाप रद्द झाले. तांबूने दोन पोळ्या खाल्ल्या, आणि उरलेली फातीही.